बिनफोडणीचे दिवस

माझा चष्मा इतका जाड होता, की कॉलनीतली पोरं मला दुर्बीण म्हणत. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. हाताशी येईल ते फेकून मारायची. त्या उन्हाळ्यात खो-खो खेळताना खांबावर डोकं आपटलं आणि दोन-तीन दिवसांनी उजव्या डोळ्यासमोर एका बाजूनं काळं काहीतरी सरकत आल्यासारखं दिसू लागलं. आईला सांगितलं, तर तिनं तव्यावरची पोळी तशीच टाकली, पदराला हात पुसले आणि मला घेऊन थेट नागपूरची बस पकडली. म्हातारे डॉक्टर होते. कपाळाला दिवा बांधून त्यांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि म्हणाले, आतला पडदा सुटला आहे, आणि डाव्या डोळ्याचाही विरत आलेला आहे. ऑपरेशन झालं. पण खरी शिक्षा ऑपरेशननंतरची होती. दोन्ही डोळ्यांना पट्टी, उताणं पडून राहायचं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी रेतीच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, खदाखदा हसायचं नाही. आणि घरी सोडताना त्यांनी माझी हनुवटी धरून बजावलं, "बेटा, और सब चलेगा, रोना मना है. बिलकुल मना है. रोयेगी तो टाँके टूट जायेंगे, फिर ये आँख भी जायेगी और वो भी." मी पंधरा वर्षांची होते. आयुष्यभर आंधळी राहशील असं त्यांनी शब्दांत म्हटलं नाही, पण माझ्याशेजारी उभ्या असलेल्या आईच्या बांगड्या एकदम वाजल्या, त्यावरून मी काय ते समजले.

आमचं क्वार्टर कोराडीच्या कॉलनीत होतं. बाबा पॉवर स्टेशनला कोळशाच्या विभागात होते. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, पुढं तारेवर वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्यावर चिमणीतून येऊन बसणारी राख. माझी खाट स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच टाकली होती. डोळे बांधले गेले आणि कान इतके तिखट झाले म्हणता, की विचारू नका. पाळीचा भोंगा, कोळशाच्या ट्रकांची घरघर, खिडकीतल्या कूलरचं पाणी ठिबकणं आणि त्या सगळ्यांच्या खाली स्टेशनची ती न थांबणारी घुमघुम, जी एरवी आम्हाला कुणाला ऐकूच येत नसे. बाबा आले की आधी मोरीत धबधब पाणी ओतून अंग धूत, मगच माझ्याजवळ येत, कारण त्यांच्या कपड्यांवरच्या कोळशानं मला शिंक येईल ही भीती. देवासमोर घंटी वाजली की सकाळ. वरणावर फोडणी चर्र झाली की जेवणाची वेळ. आमच्याकडे गोळाभातावर वरून कडकडीत फोडणीचं तेल घालत, ते भातावर पडताना जो आवाज होई, तो ऐकून मी पडल्या पडल्या तोंड उघडून ठेवायची आणि आई म्हणायची, "आली पाह्य भुकेली चिमणी!"

पण नुसतं पडून किती राहणार? माझा स्वभाव मुळातच किरकिरा, त्यात वाचायचं भयंकर वेड, आणि आता पुस्तक बंद. पहिल्याच आठवड्यात मी घर डोक्यावर घेतलं. पाठ दुखते, मान अवघडली, गरम होतं, कूलरचा वास येतो. आई कॉलनीच्याच शाळेत लहान मुलांना शिकवायची, तिला सुट्टी होती. ती हातातलं काम टाकून पुस्तक घेऊन बसायची, चार पानं वाचायची, मग उठायची. मी पुन्हा सुरू. शेवटी एक दिवस ती वैतागली, "रडू नको सांगतलं, हसू नको सांगतलं, आता बोलू नको हे बी सांगू का बाप्पा तुले?" आणि त्याच संध्याकाळी तिनं दादाला गणेश मंडळाचा टेपरेकॉर्डर मागून आणायला पाठवलं. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, कॉलेजात होता आणि मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे मशीन आमच्याकडे यायला अडचण नव्हती. मी म्हटलं, "मशीन कायले? तू इथंच बसून वाच न." तर म्हणाली, "मले काय दुसरे कामं नाहीत का वं? मी फुरसत भेटली की आत बसून वाचून ठेवते. तू दिवसभर ऐकत जाय." तिच्या बोलण्यात मला काही खटकलं नाही. एवढंच जाणवायचं, की ती हल्ली माझ्या खाटेवर बसताना आधी खाटेला हात टेकायची, मग हळूच बसायची.

कादंबरी कॉलनीच्या वाचनालयातली होती. तिचं मुखपृष्ठ आणि पहिली पानं कुणीतरी फाडून नेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखकही नाही. रेवती नावाची मुलगी, माझ्याच वयाची, तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात राहते. तोंडाळ, हट्टी, मनातून घाबरट. तिची एक मैत्रीण आहे कुंदा. दोघी एका ताटात जेवतात, एका कंदिलाशी अभ्यास करतात, आणि गॅदरिंगच्या नाटकात कोणी काय व्हायचं यावरून अशा भांडतात की बोलणंच बंद. मग एका सकाळी कुंदाची ट्रंक जागेवर नसते. घरच्यांनी लग्न ठरवून तिला नेलेलं असतं. रेवतीला ना माफी मागता आली, ना भांडण पुरं करता आलं. म्हणून ती कुणाला न सांगता कुंदाचं गाव शोधायला निघते. बस, एवढीच गोष्ट. पण काय जीव लागला होता मला त्या पोरीचा! ती खोटं बोलली की मला लाज वाटायची, ती उपाशी राहिली की मला भूक लागायची. पट्टीआडच्या काळोखात ती मला इतकी स्वच्छ दिसायची, तिच्या वेणीची सैल झालेली रिबिनसुद्धा, की खिडकीबाहेर खेळणाऱ्या खऱ्या पोरींचे आवाज आले तर मी दादाला खिडकी लावून घ्यायला सांगायची.

आणि आईचं वाचणं! बोलायची आमच्यासारखीच, पण पुस्तक हातात घेतलं की शाळेतली बाई व्हायची, स्वच्छ, ठाशीव. रेक्टरबाईंचं बोलणं आलं की हुबेहूब आमच्या आत्याचा आवाज काढायची. विनोदी प्रसंग यायच्या आधी थांबून सांगायची, "आता हसायचं येते हं, दात दाबून ठेव." आणि रडायचं आलं की कंडक्टर थांब्यांची नावं सांगतो तसं भराभर वाचून मोकळी व्हायची. कुंदाची रिकामी जागा, उशीखाली राहिलेला तिचा कंगवा, सगळं एका दमात, तार आल्यासारखं. मी चिडून म्हणायची, "आई, हे तर नीट वाचायचं होतं न!" तर म्हणायची, "डोळे उघडल्यावर तुझं तू नीट वाच, आणि वाट्टेल तितकं रड. तवा मी अडवणार नाही." कॅसेटी मंडळाच्याच होत्या, भजनांच्या, वरच्या खाचेला कागद चिकटवून दादानं त्या पुन्हा भरण्याजोग्या केल्या होत्या. त्यामुळे आईचं वाचन जिथं संपे, तिथं खटका वाजून एकदम टाळ-मृदंग उसळे. शिवाय मी झोपले की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन आत बसून भरायची, म्हणून रेवतीच्या गावातून आमच्या कोळशाचे ट्रक जायचे, कुकरची शिट्टी व्हायची. मधेच ती म्हणायची, "थांब वं, वरणाले फोडणी देते," आणि मशीन बंद न करताच उठायची. मग मोहरीची तडतड, चर्र, झाकण ठेवल्याचा आवाज, आणि पुन्हा, "हं. तर रेवती एस.टी.त चढली."

आता माझी सून मोबाईलवर पुस्तकं लावून देते. कानात बोंडं घालून मी दुपारभर ऐकत असते. एकेक वाचणारे असे तयार, की श्वास घेतलेलाही ऐकू येत नाही. छानच वाचतात. तरी माझं मेलीचं लक्ष उडतं. इतकी पानं झाली, ही बाई उठून गॅस कसा बंद करत नाही, असं मनात येतं. सुनेला सांगितलं तर ती हसते.

एके दिवशी दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली. धुवट पातळाचा वास येत होता, म्हणजे बाहेर जायची तयारी. म्हणाली, "कन्हानले जाऊन येते. तुझ्या आजोबाले बरं नाही. आत्या येऊन राहणार आहे, तिले तरास देऊ नको." कन्हान तिचं माहेर. मी म्हटलं, "आणि रेवती?" "लय वाचून ठेवलं आहे. दादा लावून देईन. पण एकदम संपवू नको, पुरवून पुरवून ऐक." मग तिनं माझ्या पायांना थोडा वेळ हात लावून ठेवला. डोक्याशी आली असती तर पिशव्या हलल्या असत्या म्हणून असेल. मला तर रागच आला होता, आजोबांचासुद्धा. मी म्हटलं, "लवकर ये, नाहीतर आत्या मले सोवळ्यात बुडवून मारन." आई हसली आणि हसता हसता मधेच थांबली, कुठं काही लागल्यावर माणूस थांबतं तशी. दारात रिक्षा आली होती. कन्हानला जायला कोणी दारात रिक्षा बोलावत नाही, चौकातून बस मिळते. हे माझ्या मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नागपूरच्या पलीकडे हुडकेश्वरला काकांकडे राहायची. तेव्हा ते निव्वळ खेडं होतं. विधवा, कडक, तोंड असं की दूधवालाही तिच्याशी भाव करायला घाबरायचा. सोवळं-ओवळं, कोणाचं सुतक कोणाला किती, कोणत्या दिवशी काय खायचं नाही, सगळं तिला पाठ, आणि मला सांगून सांगून तिनं माझंही पाठ करून घेतलं होतं. पण जीव लावायची. मला भरवून मग स्वतः जेवताना भातातला खडा दाताखाली आला तरी मला शिव्या द्यायची, "तुह्यापायी माहे दात गेले पाह्य!" आमचं बरं चाललं होतं. दादा कॅसेट लावून द्यायचा, आत्याही दाराशी तांदूळ निवडत ऐकायची. रेक्टरबाईंचा आवाज आला की म्हणायची, "हे कोण बाई वं खडूस?" आणि मी दात दाबून पडून राहायची.

मग एका दुपारी पाळीचा भोंगा व्हायच्या कितीतरी आधी बाबा घरी आले. मोरीत पाणी वाजलं नाही. ते तसेच बाहेरच्या खोलीत उभे राहिले, आणि आत्या जवळ गेली, आणि मग काहीच नाही. दोन माणसं खोलीत आहेत आणि आवाज नाही. मी हाक मारली, "बाबा?" तर आत्याच म्हणाली, "कोयला कमी आला म्हणते, डबल ड्युटी लागली. डबा न्याले आले." आणि तिनं रेडिओ लावला. आत्यानं! रेडिओला जी भुताचं डबडं म्हणायची, तिनं स्वतः कान पिळून तो इतका मोठा केला, की कूलरसुद्धा ऐकू येईना. रेडिओ बंद झाला तेव्हा बाबा आणि दादा दोघेही घरात नव्हते. दादा हुडकेश्वरला गेला, काकांना मदत पाहिजे होती, असं मला सांगण्यात आलं.

त्यानंतर घर बदललं. काय बदललं ते बोट ठेवून सांगता येईना. दाराशी चपला काढल्याचा आवाज व्हायचा, एक जोड, दोन जोड, पाच जोड. पण कोणी बोलायचं नाही. बायका आत यायच्या, बांगड्या वाजायच्या, पातळं सळसळायची, माझ्या खाटेपासून थोडं दूर कोणीतरी उभं राहायचं आणि नाकातून जड श्वास घ्यायचं. मी विचारायची, "कोण आहे?" तर शेजारच्या काकू म्हणायच्या, "मीच हावो बेटा. विरजण मागाले आली होती." रोज विरजण! सकाळी घंटी वाजत नव्हती. दादा परत आला, पण कॅसेट लावली की लगेच पाय न वाजवता बाहेर. बाबा माझ्याशी बोलताना एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा ठेवत. मी विचारलं, "आई कवा येते?" ते म्हणाले, "येईन न. आजोबाले बरं वाटलं की येईन." आणि उठून मोरीत गेले. पाणी धबधब ओतत राहिले, बराच वेळ, अंग धुवायला लागतं त्याहून कितीतरी जास्त.

मला भीती वाटू लागली होती. पण कशाची ते मी मनातल्या मनातही बोलत नव्हते. त्यापेक्षा जेवणावर चिडचिड करणं सोपं होतं. वरण नुसतं शिजवलेली डाळ, मीठ घातलेली. भाजीला वास नाही. मी म्हटलं, "आत्या, वरणाले फोडणी काहून नाही दिली वं?" म्हणाली, "तेल सरलं." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मोहरीत खडे निघाले." आणखी तीन दिवसांनी, "उन्हाळा आहे पोरी, फोडणीनं गरमी होते." मी म्हटलं, "तुह्या हुडकेश्वरले उन्हाळा नसते का? तिथं तर तू मिरच्यांची फोडणी देते." एरवी असं बोलल्यावर मला चार शिव्या मिळायच्या. त्या दिवशी आत्यानं पुढचा घास माझ्या ओठांना लावला.

त्याच दुपारी मी रेवती ऐकत होते. ती कुंदाच्या तालुक्याला उतरली होती, कोणी पत्ता सांगेना. आई वाचता वाचता म्हणाली, "थांब वं, फोडणी देते." आणि कॅसेटमध्ये मोहरी तडतडली. चर्र. त्या आवाजासरशी माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मला एकदम कळलं, की या घरात फोडणी आता फक्त कॅसेटमध्ये होते. तेल सरलं नव्हतं. मोहरीत खडे नव्हते. सुतकात फोडणी देत नाहीत. घराला सुतक होतं. आधी मी म्हटलं, आजोबा गेले. बिचारे आजोबा. पण लेकीला माहेरचं सुतक फार तर तीन दिवस, आणि ते तिच्यापुरतं, हे मला आत्यानंच शिकवलेलं. तीन दिवस केव्हाच होऊन गेले होते. हे सुतक आमच्या घराचं होतं. बाबा होते. दादा होता. काका परवाच येऊन गेले होते, माझ्या पायाशी बसून "कशी आहे बेटा" म्हणाले होते. मी घरातली एकेक माणसं मनात उभी केली, आणि सगळी उभी केल्यावर एकच जागा रिकामी राहिली. कॅसेटमध्ये झाकण ठेवल्याचा आवाज झाला आणि आई म्हणाली, "हं. तर रेवती निघाली."

आत्याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या डोळ्यांसाठी ती कितीही खोटं बोलायला तयार होती. रेडिओ लावला, आलेल्या बायकांची तोंडं दाबून ठेवली, स्वतः एक हुंदका बाहेर पडू दिला नाही. एवढा मोठा बनाव तिनं एकटीनं पेलला. एक पळीभर तेल तापवून चार मोहऱ्या टाकल्या असत्या तर मी फसले असते. पण सुतकाच्या घरात फोडणी? ते तिच्याच्यानं झालं नाही. ते तिला सुचलंसुद्धा नसणार.

रडणं कुठून येतं हे मला त्या दुपारी कळलं. ते डोळ्यांतून येतच नाही, पोटातून उठतं, छातीत येऊन अडतं आणि मग घशाचं दार धडकतं. मी जीभ टाळूला दाबून धरली. हातांनी खाटेच्या पाट्या पकडल्या. आणि आई रडायच्या जागा वाचायची तशी मनात भराभर थांब्यांची नावं म्हणत सुटले, कोराडी, मानकापूर, छावणी, सदर, बर्डी, पुन्हा बर्डी, सदर, छावणी. पट्टीखाली पापण्या जळत होत्या. एक थेंब, मेले, एक थेंब आला तर दोन्ही गेले. आणि तिनं एवढं करून ठेवलेलं सगळं फुकट. मला तिचा भयंकर राग आला. खोटं बोलून गेली म्हणून, रिक्षात बसून गेली म्हणून. पोटातला गोळा तिनं माझं ऑपरेशन होईपर्यंत कोणाला दाखवला नव्हता आणि त्या दिवशी ती कन्हानला नाही, दवाखान्यात गेली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आत्या आत आली आणि म्हणाली, "काय वं, तोंड असं काहून केलं?" मी म्हटलं, "पाठ दुखते." ती पाठीखाली हात घालून दाबत बसली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं कोणी तोंडानं बोललं असतं तर मी मेलीनं काही आवरलं नसतं. तिकडे टेपमध्ये आई वाचतच होती. माणूस नाही आणि आवाज आहे, आणि त्या आवाजाला काही माहीत नाही. मला त्याची भीती वाटत होती आणि तो बंद होऊ नये असंही वाटत होतं.

मग शेवटची कॅसेट आली. दादानं ती लावताना बोटांनी दोन-तीनदा उलटीसुलटी केली, ते मला ऐकू आलं. रेवतीला कुंदाचं घर सापडतं. अंगणात शेणाचा सडा घातलेला आहे, दार अर्धं उघडं आहे, आतून कोणीतरी विचारतं, "कोण आहे?" इथं आईचा आवाज बसला. थोडं थांबून म्हणाली, "आता दम लागला वं. बाकी उद्या." खटका वाजला आणि टाळ-मृदंग सुरू झाले. दादा मशीनजवळच उभा होता, पण त्यानं ते बंद केलं नाही. भजन तसंच वाजत राहिलं. पुढची कॅसेट भरलेलीच नव्हती. मग मीच म्हटलं, "दादा, मले मधात झोप लागली होती. काहीच नाही ऐकलं. पहिल्यापासून लाव न." तो एवढंच म्हणाला, "हाव. लावतो." त्या दिवसापासून आम्ही दोघांनी कादंबरी संपूच दिली नाही. शेवटच्या कॅसेटच्या आधी मला रोज झोप लागायची, आणि दादा रोज पहिली कॅसेट लावायचा. एकदाही तो म्हणाला नाही, की तू तर जागीच होती. त्या कादंबरीचं पुढं काय झालं, ते मी आजपर्यंत शोधलेलं नाही.

एका सकाळी घंटी वाजली. आणि मग स्वयंपाकघरात मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, चर्र झालं. त्या आवाजासाठी मी इतके दिवस आसुसले होते, आणि तो आला तेव्हा माझं अंग गार पडलं. म्हणजे दिवस झाले. म्हणजे सगळं होऊन गेलं, आज तेरवी. बाबा आणि दादा सकाळीच हुडकेश्वरला गेले होते, दिवसकार्य तिथंच काकांकडे होत असणार. दुपारी टळटळीत उन्हात परतले, आणि आत्यानं माझ्या ओठांना काहीतरी गोड लावलं. बुंदी होती. मी विचारलं, "आज काय आहे वं?" आत्या म्हणाली, "काही नाही. काकानं पाठवली. खाय." तेरवीचं गोड घरच्यांना खावं लागतं, गेलेल्याच्या नावानं. मला न सांगता ती मला माझ्या आईच्या तेरवीचं जेवू घालत होती. मी तोंड उघडलं. एक दाणा चावला, तो गिळता गिळेना. बाबा दारात उभे होते, मला कळत होतं, श्वास धरून उभे होते. मी सगळी बुंदी खाल्ली. वर म्हटलं, "चांगली आहे." बाबा मोरीत गेले आणि पाणी ओतू लागले.

पट्टी काढायला नागपूरला नेलं तेव्हा खोलीत डॉक्टर, बाबा, दादा आणि आत्या होती. आत्या देवाचं नाव घेत होती, इतक्या भराभर की शब्द कळेनात. मला वाटत होतं, पट्टी निघूच नये. कात्रीचा गार लोखंडी स्पर्श कानाजवळ झाला, कापूस सोलला गेला. डॉक्टर म्हणाले, "धीरे धीरे खोलो." आधी नुसता पिवळा धूर. मग त्या धुरात काहीतरी हललं. "कितनी उँगलियाँ हैं?" मी म्हटलं, "तीन." त्यांनी डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्यानं पाहायला लावून पुन्हा विचारलं. अंधुक होतं, पण होतं. "दो." आत्याचं देवाचं नाव थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा दिवा लावून आत पाहिलं, खूप वेळ पाहिलं, मग दिवा विझवून बाबांकडे वळून मान हलवली आणि म्हणाले, "बच गयी." आणि ते खोलीबाहेर निघून गेले. त्यांनाही सगळं माहीत होतं.

माझा चष्मा दादानं आणला होता. तो त्यानं माझ्या कानांवर चढवला आणि मला पहिल्यांदा त्याचं डोकं दिसलं, नुकतंच काट्याकाट्यांनी उगवून येत असलेलं. बाबा किती लहान झाले होते! शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, माझे दोन्ही हात धरले आणि सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना काही जमेना. शेवटी एवढंच म्हणाले, "बेटा, आता रडलं तरी चालते."

मी म्हटलं, "मले माहीत आहे, बाबा."

"कवापासून?"

"वरणाले फोडणी नव्हती तवापासून."

आत्या भिंतीला धरून खाली बसली. इतक्या दिवसांचं तिचं दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि ती कपाळावर हात मारून मारून म्हणू लागली, "माह्या हातानं सांगतलं वं पोरी, माह्या हातानंच सांगतलं!" दादा तिला उठवू लागला, ती उठेना. मी बाबांकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं, हनुवटीवर पांढरे खुंट होते, ओठ हलत होते. ते सगळं मी नीट पाहून घेत होते, तेवढ्यात माझे डोळे भरून आले, आणि नुकतंच दिसू लागलेलं सगळं पुन्हा दिसेनासं झालं.